ताडपत्रीच्या पलीकडे

मुलीच्या हातावर दही-साखर मीच घातली, आणि तीही गाडीत, ती बारला लोंबकळणार होती त्याच्या पाचच मिनिटं आधी. ज्यांनी आयुष्यात एकदा जरी आडव्या बारला लटकून पाहिलंय, त्यांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. मी लटकलेलो नव्हतो. मी दहावीला, बारावीला, नोकरीच्या मुलाखतीला आणि मुलगी बघायला जाताना हातावर दही घेऊन गेलो होतो आणि सगळीकडे पास झालो होतो. तेव्हा मुलीची जिम्नॅस्टिक्सची पहिली चाचणी म्हणजे दही-साखर आलीच. घरून निघताना विसरलो म्हणून वाटीवर झाकण ठेवून ती गाडीत आणली, एवढाच काय तो फरक.

"चाट पटकन," मी म्हणालो.

"बाबा, कोणी बघेल ना यार," आठ वर्षांची मुलगी म्हणाली. तिने जीभ फिरवली, उरलेलं मांडीला पुसलं आणि आत पळाली. साखरेचं काय होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती पुसली जात नाही. त्यावर बारची पकड सुटू नये म्हणून लावायची खडूची पांढरी पूड चोळली की तिची लापशी होते.

मुलगी बारला लटकली, एक झोका घेतला, दुसरा घेतला आणि तिसऱ्याला तिचा उजवा हात अलगद सुटला. मला तो सुटताना दिसला. मग ती हवेत आडवी दिसली आणि मग गादीवर धप्प असा आवाज झाला. मी उभा राहिलो होतो आणि माझ्या हातातल्या वाटीतलं दही माझ्या बुटावर सांडलं होतं.

ती उठली. हात चड्डीला पुसला, परत पुसला, आणि पुन्हा बारखाली जाऊन उभी राहिली. शिकवणाऱ्या मॅडमनी तिला पुन्हा वर उचललं. चाचणी संपल्यावर मॅडमनी शिट्टी वाजवली आणि बोटाने मुलांच्या वाटण्या करायला सुरुवात केली. "तू इधर. तू इधर. तू भी इधर." माझ्या मुलीपाशी येऊन त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तू उधर."

उधर म्हणजे ताडपत्रीच्या पलीकडे.

हे सगळं फरीदाबादला चाललं होतं. ज्या गोदामात हा वर्ग भरायचा, ते एका बंद पडलेल्या कारखान्याचं होतं. खुल्या बाजाराच्या नव्या वाऱ्यात जुने कारखाने बसत होते आणि त्यांच्या गोदामांतून कंप्युटर क्लास, स्केटिंग, कराटे असं काय काय उगवत होतं. आमच्या सेक्टरमध्ये दर महिन्याला एक नवी इमारत उभी राहायची आणि तिच्यात राहायला आलेल्या प्रत्येक आईबापांना वाटायचं की आपण जे केलं नाही ते मुलांनी सगळं करावं. आम्ही काही वेगळे नव्हतो. केबलवर कुठल्यातरी परदेशी मुलींना गिरक्या घेताना पाहून आमची मुलगी सोफ्यावरून उड्या मारायला लागली होती. सोफा वाचवायचा म्हणून तिला जिम्नॅस्टिक्सला घातलं, हे खरं कारण. नातेवाइकांना आम्ही वेगळं सांगायचो.

गोदामाच्या मधोमध एक निळी ताडपत्री वरपासून खालपर्यंत टांगलेली होती. अलीकडे लहान गट, पातळ गाद्या, बुटका बार, कोलांट्या. पलीकडे वरचा गट, उंच बार, आणि ती कंबरेएवढी उंच, वीतभरदेखील रुंद नसलेली लाकडी पट्टी, जिच्यावर मुली चालतात, उड्या मारतात आणि उलट्या होतात. बीम म्हणतात तिला. पालकांचं बाक अलीकडे. पलीकडे जायला पालकांना मनाई. "बच्चे माँ-बाप को देख के डरते हैं," असं मॅडमचं म्हणणं. मॅडम पूर्वी स्वतः स्पर्धा खेळलेल्या, हरियाणवी ढंगात बोलणाऱ्या, आणि बोलण्यापेक्षा शिट्टी जास्त वाजवणाऱ्या होत्या.

मी गेलो आणि विचारलं, "मॅडम, वो तो गिरी थी."

"हाँ जी."

"फिर ऊपर कैसे?"

"हो जाएगा, सर," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे माझं काय झालं असेल ते कळेल. मी ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. आमच्याकडे प्रत्येक भोकासाठी एक माप असतं. त्याचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. एवढंच. पास किंवा नापास, आणि नापास असेल तर का ते कुणालाही दाखवता येतं. त्या मापाच्या जिवावर मी अर्धं आयुष्य शांत झोपलो होतो. आणि इथे माझ्या पोटच्या पोरीला, जी डोळ्यांदेखत पडली होती, तिला कुणीतरी बोटाने उंच पट्टीवर पाठवलं होतं आणि माप विचारलं तर "हो जाएगा."

बाकावर माझ्या शेजारी एक पंजाबी भाभी बसायच्या. कायम स्वेटर विणायच्या. त्यांची मुलगी चाचणीत एकदाही चुकली नव्हती. पाय सरळ, पंजे टोकदार, पडणं तर सोडाच, ती डगमगलीसुद्धा नव्हती. आणि ती ताडपत्रीच्या अलीकडेच राहिली होती.

"भाईसाहब," भाभी सुया न थांबवता म्हणाल्या, "आप तो छुपे रुस्तम निकले. किससे कहलवाया?"

"किसी से नहीं जी."

"अच्छा जी, मत बताओ."

दिल्लीच्या आसपास कुठलीही गोष्ट कुणाच्यातरी सांगण्यावरूनच होते, हा तिथला सृष्टिनियम. मी नाही म्हणालो याचा अर्थ माझा वशिला फारच वरचा असणार, असा त्यांनी घेतला. त्या दिवसापासून त्या मला शेंगदाण्यांची पुडी आधी द्यायला लागल्या.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी बायको बरोबर आली होती. ती दिल्लीतल्या एका शाळेत शिकवायची, सकाळच्या गाडीने जायची. ती बाकावर बसली. ताडपत्रीच्या मागून आवाज यायला लागले. धप्प. मग पळणारी पावलं. मग काहीतरी लाकडावर घासल्यासारखं. मग पुन्हा धप्प. बायको थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "मी जरा भाजी घेऊन येते." पुढच्या शनिवारपासून तिच्या शाळेत दहावीचे जादा तास सुरू झाले. संध्याकाळी उशिरा यायची बिचारी. मी म्हणालो, मी आहे ना, तू काळजी करू नको. ती म्हणाली, "मी कुठे करतेय? वर टाकलंय म्हणजे त्यांनी काहीतरी बघूनच टाकलं असेल. मी वर्गात मुलं पुढेमागे बसवते ती काय दर पालकाला विचारून?"

मला तिचा हेवा वाटला. शिक्षकी पेशाने माणूस किती धीट होतो, असंही वाटलं.

मी दर शनिवारी त्या निळ्या ताडपत्रीसमोर बसायचो. समोर दिसत काहीच नसे. ऊन वरच्या पत्र्याच्या भोकांतून यायचं तेव्हा कधी कधी ताडपत्रीवर सावल्या पडत. एखादी सावली लांब व्हायची, उलटी व्हायची आणि नाहीशी व्हायची. ती आमची की दुसऱ्याची ते कळायचं नाही. मग मी आवाजांवर कान लावून बसलो. यंत्राचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगू शकतो, मग हे का नाही? दोन्ही पाय एकदम टेकले तर ठप्प असा आखूड आवाज येतो. पाठीवर पडलं तर लांबट आणि मऊ. आणि प्रत्येक आवाजानंतर एक थांबा असतो. तो माझा शत्रू होता. त्यात कुणीतरी हसलं किंवा पळालं की मी श्वास सोडायचो. नाही हसलं तर भाभींच्या सुयांचा टकटकाट मला छातीत ऐकू यायचा.

घरी आल्यावर मी मुलीच्या पाठीवर प्रेमाने हात फिरवायचो, म्हणजे मानेपासून खाली एकेक मणका मोजून घ्यायचो.

"बाबा, गुदगुल्या होतायत!"

"आज काय काय केलंस?"

"बीमवरून गिरले."

"पडले म्हण. गिरले काय? मराठी आहेस ना?" मी ओरडलो. माझी पोर लाकडी पट्टीवरून पडत होती आणि मी तिचं क्रियापद दुरुस्त करत होतो. घाबरलेल्या माणसाला जे हाताशी लागेल ते तो धरतो.

"पण मला आवडतं," ती म्हणाली. "मॅडम म्हणतात, पुढच्या महिन्यात बीमवर पलटी."

त्या क्षणापासून माझं जेवण गेलं. कारखान्यात एखादा शाफ्ट तपासताना त्याच्या बारीक भागाला आम्ही गर्दन, म्हणजे मान, म्हणतो. साहेबांनी विचारलं, "गर्दन ठीक है?" तर माझ्या हातातून शाफ्ट निसटला. पायावर पडला नाही हे नशीब.

आणि मग तो शनिवार आला. मी शेंगदाणे सोलत होतो. पलीकडून एक आवाज आला, जो माझ्या यादीत नव्हता. जड आणि दुहेरी. मग थांबा. मग एक मुलगी ओरडली, शब्द नाही, नुसती किंकाळी, आणि मॅडमचा आवाज, "बर्फ लाओ! जल्दी!"

बाकावरचे आम्ही ज्यांची मुलं पलीकडे होती ते सगळे उठलो. म्हणजे बाकीचे उठले. मी उठायला गेलो आणि मला पाय सापडले नाहीत. खरंच सांगतो, ते होते तिथेच होते, पण माझं ऐकत नव्हते. मी ताडपत्रीकडे बघत राहिलो आणि मनात एकच गोष्ट येत होती, की तिचा निळा स्वेटर आज तिने घातलाय की नाही. ताडपत्री बाजूला झाली. मॅडमनी एका मुलीला उचलून आणलं होतं. मुलीचा चेहरा मॅडमच्या खांद्यात होता. स्वेटर लाल होता.

लाल.

माझ्या तोंडून "हुश्श" असा आवाज आला. मोठ्याने. त्या मुलीची आई माझ्या समोरून धावत गेली आणि मी तिच्या तोंडावर हुश्श केलं. मुलीचं मनगट दुखावलं होतं, पुढे सगळं नीट झालं. पण तो हुश्श मी परत घेऊ शकलो नाही. भाभींनी पहिल्यांदाच विणकाम मांडीवर ठेवलं. "बैठ जाओ भाईसाहब," त्या म्हणाल्या. मी तर बसलेलाच होतो.

रात्री बायको आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत पण निवडलेली मेथी ती देठांच्या ढिगात टाकत होती.

"मी पुढच्या शनिवारी मॅडमना सांगणार, तिला अलीकडे आणा," मी म्हणालो.

"सांगा," ती म्हणाली. "पण मुलीला तुम्ही सांगायचं. मी नाही."

पुढच्या शनिवारी अलीकडच्या गटाची पुन्हा चाचणी होती. मी मनात हिंदी वाक्य घोकत गोदामात शिरलो, 'मैडम, उसको नीचे भेज दीजिए', आणि थबकलो. बाकावर प्रत्येक पालकाच्या हातात एक डबी होती. कुणाकडे स्टीलची, कुणाकडे टपरवेअरची. आणि सगळे आपापल्या मुलांच्या तळहातावर काहीतरी पांढरं घालत होते.

"भाभीजी, ये क्या?"

"अब बनो मत," भाभी हसून म्हणाल्या. "हमने देखा था उस दिन, गाड़ी में. दही-चीनी. सीधे हाथ पे. मैंने सबको बता दिया, जी. जो हमसे छुपाए, हम उससे नहीं छुपाते."

मी "अहो नको, नको" असं मराठीत म्हणालो, कारण घाईत माझी हिंदी संपते. कुणी ऐकलं नाही. आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्यांचं काय चुकलं? बिनचूक मुलगी खाली, पडलेली वर. कारण सांगायला कुणी तयार नाही. मग माणसाला जे एक वेगळं दिसलं ते त्याने धरलं. माझ्याकडे तरी दुसरं काय होतं? मी तर आवाज मोजत होतो.

पहिला मुलगा घसरला. दुसरी मुलगी घसरली. भाभींची मुलगी, जी कधी पडली नव्हती, ती पहिल्याच झोक्याला सुटली आणि गादीवर बसून भोकाड पसरून रडायला लागली. मॅडमनी बारवरून हात फिरवला, हाताचा वास घेतला आणि शिट्टी एवढ्या जोरात वाजवली की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"ये दही किसने शुरू किया?"

सगळ्या डब्या माझ्या दिशेने वळल्या.

"आप," मॅडम म्हणाल्या. "अंदर आइए."

अशा रीतीने मी ताडपत्रीच्या पलीकडे गेलो. पलीकडे थंडी जास्त होती आणि गाद्या माझ्या कल्पनेपेक्षा जाड होत्या, पण बीम माझ्या कल्पनेपेक्षा अरुंद होती. तिच्यावर माझी मुलगी उभी होती. हात बाजूला, निळा स्वेटर काढलेला, पोट श्वासाबरोबर खालीवर होताना दिसत होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे, आणि तिचा एक पाय हलला.

"मॅडम," मी हळू आवाजात म्हणालो, "उसको ऊपर क्यों डाला? उस दिन तो वो गिरी थी."

"इसीलिए डाला," त्या म्हणाल्या. "बाकी कोई गिरा ही नहीं. मुझे क्या पता वो गिर के क्या करेंगे? आपवाली गिरी, हाथ पोंछा, फिर आ गई."

"पण वो तो दही की वजह से गिरी!"

त्यांनी खांदे उडवले. "वजह कुछ भी हो."

"मतलब एक बार गिरने पे?"

"और क्या देखूँ, सर? कुछ तो देखना पड़ेगा. ग़लत निकला तो नीचे कर दूँगी."

"कब पता चलेगा?"

"चल जाता है."

हे उत्तर होतं. मी महिनाभर ज्या मापाच्या शोधात होतो ते हे. एक टोक आत जातं, दुसरं 'चल जाता है'. मला राग यायला हवा होता, पण भीतीने रागाला जागाच ठेवली नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या चेहऱ्यावरही मला खात्री दिसली नाही. मागच्या शनिवारची ती लाल स्वेटरवाली मुलगीही त्यांनीच वर टाकली होती. मॅडम बर्फाच्या बादलीकडे एकदा बघून पुन्हा माझ्याकडे बघत होत्या.

"बोलिए," त्या म्हणाल्या. "नीचे भेज दूँ? आपकी बच्ची है. अभी भेज देती हूँ. आप ही बोल दो उसको."

घोकलेलं वाक्य तोंडात तयार होतं. मी बीमकडे वळलो.

"बाबा," मुलगी वरून म्हणाली, रागावलेल्या आणि रडवेल्या अशा मधल्याच आवाजात, "तुम्ही तिकडं तोंड करा ना! तुम्ही असं बघता तर मी गिरते!"

मी 'पडते म्हण' म्हणालो नाही. मी ताडपत्रीकडे तोंड करून उभा राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. नाकापुढे निळं प्लॅस्टिक, त्याला डिझेलचा जुना वास. ताडपत्रीच्या त्या बाजूला भाभींची मुलगी अजून मुसमुसत होती. या बाजूला मागे लाकडावर पावलांचा आवाज आला. एक. मग एक. मग काहीच नाही. त्या काहीच-नाहीमध्ये मी मनात रामरक्षा सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीत शब्द विसरलो. मग हवेत काहीतरी गेलं, आणि ठप्प. आखूड. दोन्ही पाय एकदम. मला तो आवाज ओळखू आला आणि तरी मी वळलो नाही. वळायला भीती वाटली.

"बाबा, आता बघा," ती म्हणाली.

ती खाली गादीवर उभी होती. गुडघे वाकलेले, हात वर, जीभ थोडी बाहेर. पलटी मारली नव्हती तिने, नुसती उडी मारून उतरली होती. पलटी अजून व्हायची होती. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, आणि अशा कितीतरी.

"तो?" मॅडमनी विचारलं.

"ठीक है," मी म्हणालो. का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. ठीक नव्हतं.  

बाहेर आलो. भाभींनी विचारलं, "क्या बोलीं?"

"बोलीं, गिरना चाहिए," मी म्हणालो.

भाभींनी रडणाऱ्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सुयांवर पुढचा टाका घातला. "आपकी तो हर बात उलटी है, भाईसाहब," त्या म्हणाल्या. पण डोळे पुसून ती मुलगी पुन्हा बारखाली जाऊन उभी राहिली, आठवड्याभराने तीही पलीकडे गेली, आणि मग आम्ही दोघं ताडपत्रीसमोर शेजारी शेजारी बसून घाबरायला लागलो. त्यातल्या त्यात बरं वाटायचं.

मी पलीकडे गेलो त्या शनिवारी संध्याकाळी बायको नेहमीसारखी उशिरा आली. मुलगी शेजारी खेळायला गेली होती. मी सगळं सांगितलं, दह्याच्या डब्या, कबुतरं, ताडपत्रीकडे तोंड करून उभं राहणं. तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती पर्स खांद्याला तशीच ठेवून खुर्चीत बसली होती.

"म्हणजे तुम्ही 'खाली आणा' म्हणालाच नाहीत," ती म्हणाली.

"नाही म्हणालो. तुला राग आला?"

"नाही." मग ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळायला लागली. "एक सांगू? शनिवारी जादा तासबीस काही नसतात मला. शाळा अर्धाच दिवस असते. मी स्टाफरूममध्ये एकटी बसून राहते. त्या पडद्यामागचं ते धप्प मला ऐकवत नाही हो."